बाबागाडीतली बंदूक

परवा सर्जेरावांच्या रायफल क्लबची सूचना सगळ्यांच्या मोबाइलवर आली. माझ्याही आली, कारण क्लबच्या प्रत्येक कार्यक्रमात हार घालून घ्यायला आणि नारळ फोडायला मी लागतो. सूचना अशी, की स्पर्धकांनी आपलं सामान पाठीवरच्या बॅगेतच आणावं. चाकांची कोणतीही गाडी मंगल कार्यालयात आणू नये. खाली हात जोडल्याचं चित्र.

मी मोबाइल पलंगावर आपटला. गादी होती म्हणून वाचला बिचारा. उभं आयुष्य मी नाटकात रागावण्याचं काम केलं. जमीनदार झालो, कडक सासरा झालो, भावाचा गळा धरणारा भाऊ झालो. पडदा पडला की खोबरेल तेलाच्या बोळ्यानं रंग पुसायचो आणि त्याबरोबर रागही जायचा. हा राग पुसला जात नाही. सूचनेत कुणाचं नाव नाही, पण चाकांची गाडी घेऊन स्पर्धेला येणारी बाई आमच्या अख्ख्या परतूर तालुक्यात एकच आहे. दैवशाला. ती कोण, हे सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

दैवशालाचं माहेर शहागडकडचं. मामाकडं राहून परतूरला कॉलेज केलं, तिथं एनसीसीत पहिल्यांदा रायफल हातात आली. बरोबरच्या मुली दणक्याला घाबरून डोळे मिटायच्या, ही म्हणे डोळा मिटायचं विसरूनच जायची. मग लग्न झालं आणि बंदूक संपली. नवरा सोमेश्वर, वाटूर फाट्यावर वेल्डिंगचं दुकान. शेजारच्या खोलीत हिनं शिलाई मशीन टाकलं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश.

आठवा महिना होता तेव्हा सोमेश्वरनं हौसेनं जालन्याच्या जुन्या बाजारातून एक बाबागाडी आणली. निळी, वर छत्रीची. आपल्याकडं बाळ जन्मायच्या आधी बाळाचं काही घरात आणत नाहीत. सासू कपाळाला हात लावून बसली. पुढं जे झालं ते कुठल्याही घरात होऊ शकतं. मुलगी झाली, पण रडली नाही. दवाखान्यानं कारण सांगितलं होतं, ते कुणी ऐकलं नाही. सगळ्यांना कारण आधीच माहीत होतं, ते अंगणात चाकांवर उभं होतं. सासूनं गाडी माळ्यावर टाकली. भंगारवाल्याला द्यायचीही तिला भीती वाटली. त्यानंतर दैवशालाची कूस उजवली नाही. ज्या शब्दानं अशा बाईला हाक मारतात तो मी रंगमंचावर पुष्कळदा ऐकला आहे, एकदोनदा माझ्या भूमिकेच्या तोंडीही होता. इथं लिहीत नाही.

बंदूक परत आली ती शिलाईच्या निमित्तानं. संघपाल सर तिच्या कॉलेजचे, तिच्या पुढच्या वर्गातले. आता शिक्षक आहेत आणि क्लबच्या मुलींना छऱ्याची रायफल शिकवतात. टार्गेटच्या मागं जाड कापडाचा पडदा लावतात, तो शिवायला माप घ्यायला हिला बोलावलं. माप झालं, टेप गळ्यात अडकवली आणि ही म्हणाली, "सर, एक मारून बघू का?"

संघपाल सर मला म्हणाले, "नाना, इतक्या वर्षांनी बाईनं खांद्याला रायफल लावली आणि मशीनमध्ये दोरा ओवावा तसा नेम लावला."

पण या खेळात बंदुकीइतकंच सामान असतं. कॅनव्हासचं जाड जॅकेट, तशीच पँट, जड बूट, स्टँड आणि रायफलची लांब पेटी. बाकीच्या मुली मोठी सॅक पाठीला लावून, पेटी खांद्याला अडकवून चालतात. दैवशालाची पाठ मशीनवर वाकून वाकून गेली होती. मणक्यात गॅप. वजन उचलायला डॉक्टरांची सक्त मनाई. एके दिवशी ती स्वतः शिडी लावून माळ्यावर चढली आणि बाबागाडी खाली काढली. सोमेश्वरनं बारकी चाकं काढून लहान मुलांच्या सायकलची चाकं बसवली, पेटी आडवी बसेल अशी चौकट वेल्ड केली. छत्री तशीच ठेवली. उजवं चाक तेवढं वाजत राहिलं. कुईं, कुईं.

पहिल्यांदा ती फाट्यावरून निघाली तेव्हा चहाच्या टपरीवरून आवाज आला, "काय वहिनी, कुणाचं लेकरू फिरवून राह्यल्या?"

"माझंच हाय," ही म्हणाली. "लय रडतं. ऐकायचाय का आवाज?"

ही गोष्ट मला सोमेश्वरनं सांगितली तेव्हा मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. असं वाक्य आमच्या लेखकांना रात्र रात्र जागून सुचायचं नाही.

मागच्या महिन्यात क्लबनं महिलांची स्पर्धा घेतली. पहिल्या आठ जणी पुढं विभागाच्या निवडीला जाणार. दैवशालाला त्या आठात यायचं होतं. मागच्या वर्षी पाठ धरली म्हणून ती घरी बसली होती, आणि तिच्या वयाला दर वर्षी वर्ष लागतं. जागा म्हणजे सर्जेरावांचंच मंगल कार्यालय. पुढं छोटा हॉल, त्याच्यामागं मोठा. मोठ्यात स्पर्धा. छोट्या हॉलचं भाडं सोडवेना म्हणून तो त्याच दिवशी डोहाळजेवणाला दिलेला.

मी प्रमुख पाहुणा म्हणून लवकर जाऊन दारात बसलो होतो. सोमेश्वर तिला फाटकात सोडून दुकानाकडं गेला. ती गाडी ढकलत आली. कुईं, कुईं. आत फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर हिरव्या साडीतली गर्भार पोरगी बसलेली, भोवती बायका. त्यातली एक वयस्क बाई आवाजासरशी उठली आणि दारात आडवी झाली. त्या झुंबरबाई, त्या पोरीच्या सासू.

"ही गाडी आत नाही यायची."

"काकू, मला मागच्या हॉलात जायचंय. स्पर्धा हाय."

"लेकराच्या गाडीत बंदूक घालून तू माझ्या सुनेपुढून जाणार? आजच्या दिवशी?"

सर्जेराव धावत आले. पांढरा शर्ट, कपाळावर घाम. त्यांनी झुंबरबाईंना हात जोडले आणि दैवशालाकडं वळले. "ताई, मागच्या दारानं या ना. नाहीतर गाडी इथं सोडा, आमचे लोक सामान उचलून नेतील. बिलकुल तकलीफ नाही."

"बंदूक मी दुसऱ्याच्या हाती देत न्हाई. तिचं नेमाचं साइट हललं तर माझा दिवस गेला."

"मंग मागचं दार हायच की."

मागचं दार मला ठाऊक आहे. भटारखाना, खरकट्याच्या बादल्या, भांडी घासायची मोरी, आणि तिथून बोळ. आमच्या नाटक कंपनीच्या काळात गावोगावच्या यजमानांनी आम्हाला त्याच दारानं जेवायला नेलं आहे. रात्री टाळ्या वाजवायचे तेच हात सकाळी तिकडं बोट दाखवायचे.

सर्जेरावांनी मला बाजूला घेतलं. "नाना, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती. पार्टी मोठी हाय, तीन लग्नं हायेत त्यांच्या घरात."

मी दैवशालाकडं गेलो. म्हणालो, "मला तुला समजवायला पाठवलंय. मी समजवणार नाही."

ती हसली, पण ओठ पांढरे पडले होते. हळूच म्हणाली, "नाना, तुमच्या नाटकात राग आला की आवाज चढतो. माझ्यात राग आला की नेम उतरतो. आत्ता मुकाट मागून गेले तर आठात येईन. इथं भांडले तर न्हाई येणार. बराबर ठाऊक हाय मला."

"मग?"

ती झुंबरबाईंकडं वळली. आणि मला वाटलं होतं तसं ओरडली नाही. "काकू, तुम्हाला भ्या कशाचं वाटतं?"

झुंबरबाईंचा आवाज एकदम खाली आला. "दोनदा गेलंय तिचं. हे तिसऱ्यांदा राह्यलंय. मी देवाला काय काय बोलले ते मलाच ठाऊक. रिकाम्या पाळण्याला हात लावू नये, तू तर रस्त्यानं फिरवती."

"माझीबी गेली, काकू. तिच्यासाठीच आल्ती ही गाडी."

"म्हणूनच म्हणते, नको."

"पण रिकामी कुठंय? बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवता ना, कुंची घालून? तो चालतो. मंग ही का न्हाई?"

"वरवंटा जीव घेत न्हाई."

"हीबी न्हाई घेत. कागद फाडती नुसता."

बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. झुंबरबाई हसल्या नाहीत. बाजूला मात्र सरकल्या. त्यांनी झोपाळ्यापाशी जाऊन सुनेच्या तोंडावरून आपला पदर ओढला. "झाका, काकू," दैवशाला म्हणाली. "तेवढं करा तुम्ही." आणि ती पुढच्या दारानं, हॉलच्या मधोमध, गाडी ढकलत गेली. कुईं, कुईं. पदराच्या आडून ती पोरगी गाडीकडं बघत होती. भीतीनं नव्हे. बायका दुसरीच्या साडीचा काठ बघतात तसं.

झुंबरबाईंवर माझा राग नाही, हे इथंच सांगतो. दोनदा तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिणारच. माझा राग सर्जेरावांवर आहे. त्यांना अपशकुनाचं भय नव्हतं. देवाचंही नव्हतं. त्यांना फक्त पुढच्या तीन लग्नांची काळजी होती, आणि त्यासाठी त्यांनी त्या माउलीची भीती हातात काठीसारखी धरली.

आत संघपाल सर घड्याळ बघत उभे होते. सामानाची तपासणी संपत आलेली. त्यांनी गाडी पाहिली, तिचा चेहरा पाहिला आणि नुसतं म्हणाले, "पाणी प्या आधी."

ती उभी राहिली. जॅकेटचे पट्टे आवळले, रायफल गालाला लावली. मागून मला तिचा खांदा दिसत होता. पहिले छर्रे मधल्या ठिपक्याच्या खाली गेले. मी पुतळ्यासारखा बसून राहिलो, करणार काय? नाटकात वाक्य विसरलं तर विंगेतून आठवण देणारा असतो. इथं कुणी कुणाला नेम पुरवू शकत नाही. मधेच तिनं रायफल खाली ठेवली, डोळे मिटले, बराच वेळ तशीच राहिली. नंतरचे छर्रे एकामागून एक मधोमध बसले. पण गेलेले परत येत नसतात. ती अकरावी आली.

सर्जेराव माझ्या कानाशी वाकले. "बघा नाना. गाडी लाभली न्हाई शेवटी."

हे वाक्य. मी जमीनदाराच्या भूमिकेत असतो तर त्याच क्षणी त्यांच्या कानफटात बसली असती आणि पिटातून शिट्ट्या आल्या असत्या. तिचा नेम गाडीनं नेला नव्हता, दारात नेला गेला होता, आणि नेणारा माणूस माझ्या कानाशी अत्तर लावून उभा होता. बक्षिसं वाटायला मला उठवलं. मुलींना मी बक्षिसं दिली, त्यांचा काय दोष? मग गळ्यातला हार काढला आणि सगळ्यांसमोर सर्जेरावांच्या गळ्यात टाकला, म्हणजे तुमचा मान तुमच्याकडंच ठेवा. आणि खाली उतरलो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी सर्जेरावांचा सत्कार केला. फोटोसुद्धा निघाला. इतकं पडलेलं नाटक मी कधी केलं नव्हतं.

आणि परवा ही सूचना.

म्हणून काल बसनं वाटूरला गेलो. दैवशाला मशीनवर होती, सोमेश्वर दुकानापुढं गाडी उलटी करून चाकाशी खटपट करत होता. मी सूचनेचा विषय काढला.

"वाचली," ती म्हणाली. मशीन थांबवलं नाही. "पाठीवरची बॅग आणा म्हणतेत. पाठ कुणाची, ते न्हाई लिहिलं."

सोमेश्वर म्हणाला, "संघपाल सरांचा फोन आल्ता, नाना. खेळाच्या नियमात गाडीला कुठंच मनाई न्हाई म्हणतेत. पण कार्यालय पडलं सर्जेरावांचं."

"पुढच्या स्पर्धेचं काय मग?" मी विचारलं.

आता मशीन थांबलं. "जाणार की. हीच गाडी घेऊन, त्याच दारानं. आडवलं तर तिथंच उभी राहीन, वेळ संपेस्तोवर."

"आणि नेम?"

"नेम गेला तर सरावानं परत येतो, नाना. मागच्या दाराची एकदा सवय लागली की ती कशानं जाती?"

मी म्हणालो, त्या दिवशी मी दारात तुझ्या शेजारी उभा राहणार. ती म्हणाली, "या. पण हार घालून नका येऊ."

सोमेश्वरनं ग्रीसचा डबा उघडला होता. उजव्या चाकात बोट घालणार, तेवढ्यात ती आतून ओरडली, "ए, राहू दे ते!"

"अगं, कुईं कुईं करतंय. डोकं उठतं लोकांचं."

"उठू दे. मी येऊन राह्यले ते लांबून कळू दे त्याह्यला."

सोमेश्वरनं डब्याचं झाकण लावलं. मग चिंधी घेऊन तो न वाजणाऱ्या डाव्या चाकातलं जुनं ग्रीस पुसायला बसला.