गढीवरची गोळी

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. गावोगाव शस्त्रांसाठी झडत्या चालल्या होत्या. हैदराबादला कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. सुट्टीत राणीसावरगावजवळच्या आमच्या गावी आलो होतो. गढीच्या मातीत जुनी नाणी शोधताना मला शिशाची एक जाड गोळी सापडली. ती बुडाशी पोकळ होती आणि पोटावर तीन खाचा होत्या.

वडिलांनी ती आधी हुंगली. "कोणी दिली? कॉलेजात हेच शिकायलास का?"

"आबा, गढीवर सापडली. लय जुनी हाय."

"झडतीवाल्याला सांग की जुनी हाय म्हणून!"

आबा माझं कॉलेज बंद करतील, या भीतीनं मी गोळीवरचा पांढरा थर नखानं खरवडून दाखवला. असा थर वर्षानुवर्षं मातीत राहूनच चढतो. हल्लीच्या गोळीवर तांब्याचं आवरण असतं. ही तोंडाकडून भरायच्या बंदुकीची असावी, असं मी चाचरत सांगितलं.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला बंदुकीचं एवढं कसं ठाऊक?"

संग्रहालयात पाहिलं होतं, हे खरं उत्तरही तेव्हा मला खोटं वाटलं.

गोळी विहिरीत गेली. कॉलेज सुटलं नाही, पण जाताना माझी ट्रंक वडिलांनीच भरली, एकेक कपडा झटकून.