खांबावरची टेप

माझा उजवा खांदा आखडला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा. दिवाळीनंतर बघू. हात वर येत नसेल तर भूल देऊन सोडवावा लागेल." पुढचं मी नीट ऐकलंच नाही. भूल या शब्दाला मी फार घाबरतो. एकदा झोपवलं की उठवायची जबाबदारी कोणाची, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. नट-बोल्टापासून पिंपापर्यंत सगळं एक्सेलमध्ये. जे शीटमध्ये नाही ते माझ्या लेखी जगात नाही. तेव्हा खांद्याचीही शीट केली. अंगणातल्या पत्र्याच्या शेडच्या लोखंडी खांबाला शिंप्याची टेप चिकटवली. रोज कंपनीची बस यायच्या आधी खांबाशी उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची आणि जिथं कळ येईल तो आकडा फोनमध्ये भरायचा. वाढला तर रकाना हिरवा, घटला तर लाल. बायको म्हणे, "तेल आता त्या फोनलाच चोळा, खांद्याला कशाला."

गणपतीपासून दसऱ्यापर्यंत सगळं हिरवंगार चाललं होतं. मग पाऊस थांबला आणि अंगणाचं काम निघालं. वरच्या बांधावरून वाहून आलेली लाल माती दरवर्षी मीच खरवडून काढतो. यंदा ते काम बायकोनं आणि तिच्या भावानं केलं. माती ओढली, जमीन चोपली, सारवली. मी फक्त एक बादली उचलून दिली, तीही उजव्या हातानं, बायकोची नजर चुकवून.

सारवण वाळल्यावर खांबाशी उभा राहिलो. रकाना लाल. महिन्याभराची कमाई एका रात्रीत गेली होती. त्या बादलीला मी मनातल्या मनात काय काय बोललो. पुढचे दिवस जीव तोडून व्यायाम केला, आकडा थोडा सरकला, पण जुन्या जागी काही येईना. मला जेवण जाईना. बायकोला बादलीचं सांगायची हिंमत नव्हती. ऑपरेशनसाठी रजेचा अर्जही लिहून ठेवला.

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी ती त्याच खांबाला बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"सारवल्यापासनं टाचा वर कराव्या लागतायत," ती म्हणाली. "दोरी वर गेलीय की मी बुटकी झालेय?"

मी तिच्या पायांकडे पाहिलं, मग खांबाच्या बुडाकडे. आधी जिथवर माती होती तिथली गंजाची रेघ आता जमिनीच्या चांगली चार बोटं वर दिसत होती. टेप होती तिथंच होती. जमीन खाली गेली होती आणि जमिनीबरोबर मी. खांदा बिचारा वरच चढत होता.

मी पायरीवर बसलो आणि हसत सुटलो. डोळ्यांत पाणी आलं, इतकं हलकं वाटलं. तिला सगळं सांगितलं, बादलीसकट. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं झालं. आता दोरी तेवढी खाली घ्या."

ओल्या कपड्यांनी दोरी जड झाली होती. डाव्या हातानं ती उचलून धरली, गाठ सोडली आणि चार बोटं खाली पुन्हा बांधली. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

"गाठ कुठल्या हातानं सोडलीत?"

तेव्हा कुठं मी वर पाहिलं. उजवा हात अजून गाठीवरच होता, माझ्या डोक्याच्या वर. थोडा दुखत होता, पण तिथं होता.