काळं कार्ड, दोन पंख्यांचं

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये धूळ साचते तसे आमच्या स्टुडिओत किस्से साचतात. एरवी काही दिसत नाही, पण बाजूचं झाकण काढलं की शिंकून शिंकून जीव जातो. आणि झाकण काढायची खोड मलाच असल्यामुळे बहुतेक किस्स्यांत गाढव मीच असतो. हे मी निर्धास्त लिहितोय, कारण तंजावुरात मराठी बोलणारी घरं पुष्कळ असली तरी देवनागरी वाचणारे थोडे, आणि माझी बायको पद्मा त्या थोड्यांत नाही. मी ही लिपी शिकलो ती पुण्यात व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स करताना. त्या कोर्समधलं तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं, असं पद्माचं मत आहे.

राजवाड्यामागच्या गल्लीत आमचा लग्नाचे व्हिडिओ करायचा स्टुडिओ आहे. शूटिंग सेल्वम करतो, गिऱ्हाइकं पद्मा सांभाळते, एडिटिंग माझ्याकडे. गावातली निम्मी लग्नं मी कापून जोडून दिली, आमचं स्वतःचं मात्र तसंच पडून होतं. त्यात एक तुकडा आहे. पद्माचे अप्पा मंडपातल्या खांबापाशी उभे आहेत आणि हात वर करून कुणाला तरी काहीतरी सांगताहेत. ओठ हलताना दिसतात, पण शेजारी नादस्वरम् आणि तविल, म्हणजे आमच्याकडचे सनई-ढोल, असे रंगात आलेत की एक शब्द ऐकू येत नाही. लग्नानंतर वर्षभरातच अप्पा गेले. त्यांचा बोलतानाचा एवढाच तुकडा पद्माकडे आहे, आणि तोही मुका.

अप्पा काय बोलले यावर आमच्यात तीन पक्ष होते. पद्मा म्हणायची, ते म्हणताहेत की माझ्या पोरीला सांभाळा. मी म्हणायचो, ते माझं कौतुक करताहेत. सेल्वम ओठ निरखून सांगायचा की ते कॉफी आली का एवढंच विचारताहेत.

यंदा बोलणं आणि वाजंत्री वेगळी काढणारं सॉफ्टवेअर आमच्या हाती आलं, पण आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर ते उघडेना. पद्मा आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "कार्ड बदला. अप्पा काय बोलले तें मला ऐकायाचं अहे." तिचा आवाज असा होता की मी कपात उरलेली कॉफी तशीच ठेवून उठलो.

*

त्रिचीच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने सरळ प्रश्न विचारला की सध्या कोणतं कार्ड आहे.

"काळं," मी म्हणालो.

मग त्याने फार सभ्यपणे विचारलं, आणखी काही? मी आठवून आठवून सांगितलं की त्याला दोन पंखे आहेत. तो म्हणाला, सर, मुलीसाठी स्थळ बघताना मुलगा कसा आहे विचारलं आणि कोणी दोन पायांचा आहे म्हणून सांगितलं, तर तुम्ही होकार द्याल का? मी फोन ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर घेतला.

*

कार्डावर नाव-नंबराचं लेबल असतं, ते वाचलं की झालं. मी झाकण काढलं, टॉर्च मारला, तर लेबलाच्या जागी चंदन! आमच्याकडे आयुधपूजेला प्रत्येक हत्याराला चंदन-कुंकू लागतं. लोक ते कॅबिनेटला बाहेरून लावतात. मी भाविक आणि त्यात टेक्निकल, त्यामुळे दरवर्षी झाकण उघडून थेट कार्डालाच लावत आलो होतो. गंध उमटायला सगळ्यात गुळगुळीत जागा लेबलाचीच होती. थरावर थर चढून त्याचा चांगला ओटा झाला होता.

ओल्या फडक्याने घासलं. चंदन निघालं, त्याच्याबरोबर नंबरही निघाला. फडक्यावर एक इंग्रजी आर आणि थोडं कुंकू आलं, ते मी पद्माला पुरावा म्हणून दाखवलं.

तिने मला झाकण लावून कॉम्प्युटर चालू करायला लावलं. मग खुर्चीत बसून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सवर क्लिक केलं, आणि कार्डाचं नाव आडनावासकट समोर आलं. हे तिला कसं माहीत, असं विचारल्यावर म्हणाली की तुम्ही दुकानदाराला पंखे सांगत होतात तेव्हा मी फोनवर शोधलं.

*

नवीन कार्ड यायच्या आधी जुनं काढून ठेवावं, असं मी ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. कार्ड ज्या खाचेत बसतं तिच्या टोकाला प्लास्टिकची एक बारीक कडी असते, ती दाबली की कार्ड सुटतं. मी कडी सोडून बाकी सगळं दाबलं आणि मग दोन्ही हातांनी कार्ड ओढलं. टक् असा आवाज आला, कार्ड हातात आलं. कडी कुठे उडाली ते कुणालाच दिसलं नाही.

दुपारी जेवताना सेल्वमला ती सापडली. सांबारात लवंग कधीपासून घालायला लागलात, असं तो पद्माला विचारत होता, आणि दाताखाली चावतही होता.

खाच शाबूत होती, नुकसान तेवढ्या कडीचंच झालं. पण पद्माने माझा स्क्रूड्रायव्हर उचलला, आपल्या टेबलाच्या खणात टाकला आणि किल्ली कमरेला खोचली. त्यानंतर मी खणाकडे नुसतं पाहिलं तरी ती म्हणायची, "सुम्मा बसा." तमिळमधला हा सुम्मा म्हणजे उगाच, काही न करता. आमच्या घरच्या मराठीत तो इतका मुरलाय की त्याच्यावाचून आमचं भांडण पुढे सरकत नाही.

*

नवं कार्ड बसच्या पार्सलने आलं. ते आत मावणार याची मी खात्री करून घेतली होती. कॅबिनेटची लांबी मोजली होती, पण बाहेरून.

आत हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा आला. स्क्रूड्रायव्हर खणात, म्हणून जेवणाच्या चमच्याच्या दांड्याने पिंजरा सोडवला आणि हार्ड डिस्क वायरीसकट बाहेर काढून एका जुन्या लग्नपत्रिकेवर ठेवली. पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लागलेलं होतं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आपल्या लग्नाच्या व्हिडिओची चौकशी करायला आलं. त्याने टेबलावरची डिस्क पाहिली, चपला दाराशी काढल्या, जवळ येऊन हात जोडले आणि विचारलं की ही कसली पूजा. मी खरं ते सांगितलं, यात तुमचं लग्न आहे. तो चपला घालायला विसरून तसाच गेला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला तो कॉपी घेऊनच उठला.

*

कार्ड बसवलं, वायर जोडली, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. पुन्हा दाबलं, पुन्हा काळी. पद्मा शेजारी येऊन स्क्रीनकडे बघत उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या अप्पांचा आवाज माझ्या हातून गेला असं मला वाटलं.

मी निदान केलं की कार्ड मेलेलंच आलं. सेल्वम ते मांडीवर घेऊन बसने त्रिचीला गेला. दुकानदाराने लावून पाहिलं, कार्ड ठणठणीत. परत पाठवताना त्याने सेल्वमला एकच विचारलं, की तुमचे सर मॉनिटरची केबल नक्की कुठे लावतात?

केबल मी वरच्या भोकात लावली होती. ते मदरबोर्डचं, आमच्या मशीनमध्ये तिथून चित्र येतच नाही. खाली कार्डाला स्वतःची भोकं होती. त्यांच्यावरची रबरी टोपणं अजून काढलेली नव्हती. वर जागा असताना खाली कशाला वाकायचं, एवढाच माझा विचार होता.

*

या वेळी केबल पद्माने लावली. स्क्रीन उजळली. मी सॉफ्टवेअर उघडलं, अप्पांचा तुकडा आत टाकला. सेल्वम दार ओढून मागे येऊन उभा राहिला. पद्मा स्टूल ओढून अगदी स्पीकरशी बसली. मी बटण दाबलं. तविल गेला, नादस्वरम् गेलं. मंडपातली कुजबुज तेवढी राहिली.

पहिला आवाज आला तो पद्माच्या काकांचा, म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाचा, ते चित्रात नव्हते. "अण्णा, जावई तिकडे माइकचा डबा उघडून बसला अहे. नको म्हणा तेला. मोडून ठेवील."

सेल्वमने माझ्याकडे पाहिलं. माइक सकाळपासून शिट्ट्या मारत होता, आणि मुंडावळ्या मागे सारून मी खरोखरच त्या डब्यापाशी बसलो होतो. इतक्या वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नव्हतं.

मग अप्पांनी हात वर केला, आणि त्यांचा आवाज आला. जरा घोगरा, जसा होता तसाच.

"असूं दे. हात लावूं दे तेला. मोडलं तर मोडलं, आपण दुसरं आणूं. पोराला सुम्मा ओरडूं नका."

तुकडा संपला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. पद्माने तुकडा आणखी एकदा लावायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकला. मग पदराने तोंड पुसून ती उठली, कमरेची किल्ली काढून खण उघडला, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"डोक्यावरचा पंखा कधीचा आवाज करत अहे," ती म्हणाली. "बघा की."