कप म्हणजे मठ

चहाचा कप मधे ठेवायचा, भोवती बिस्किटं मांडायची आणि म्हणायचं, “सिस्टर, प्रत्येकाची पाळी येते.” की आजोबांचा इतिहास सुरू.

सिडनीत वेस्टमीडजवळच्या एका वृद्धाश्रमात मी नर्स. मी त्यांना आजोबाच म्हणायचे. अर्थ त्यांनी कधी विचारला नाही. मूळचे सायलेशियातल्या एका खेड्याचे. तेव्हा ते जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये. कप म्हणजे तिथला सिस्टर्शियन साधूंचा मठ, बिस्किटं म्हणजे गाव.

“साधूंना एकांत हवा होता, म्हणून आधीचं गाव उठवलं.” एक बिस्किट बोटानं ढकलून टेबलाखाली. “दलदल उपसली, तळी खणली, मासे पाळले. पुढे राजाला तळी आवडली.” कप बाजूला. “मग आम्ही युद्ध हरलो. सैनिक म्हणाले, घर सोडा, माणशी एकच बोचकं. आई चुलीवर सूप सोडून निघाली. पूर्वेकडून हाकललेलं पोलिश कुटुंब दारातच उभं होतं. सूप ते प्यायले.”

“वाईट वाटलं असेल.”

“त्यात मीठ नव्हतं!” आणि खदाखदा हसणं. खाली पडलेली बिस्किटं मी उचलायची.

मायाळू माणूस नव्हे, हे तुम्ही ओळखलंच असेल. बागेकडच्या खोलीतल्या बाई वारल्या, तेव्हा मी चादर काढायच्या आत आजोबा बॅग घेऊन दारात. “सिस्टर, पाळी आली.” त्या खिडकीतून बागेतलं डबकं दिसायचं. त्याला ते मठाचं तळं म्हणत आणि दिवसभर बघत बसत.

कोविड आला. बागेकडची बाजू आयसोलेशनसाठी रिकामी करायचं ठरलं. सांगायला मी गेले. तोंडावर मास्क, हातात प्लास्टिकची बॅग.

“मी हलणार नाही.”

“एकच बॅग, आजोबा. बाकीचं नंतर आणू.”

ते बॅगेकडे बघत राहिले. “तेही हेच म्हणाले होते. अगदी हेच.” मग हळू आवाजात, “सिस्टर, एवढं तळं राहू दे.”

मी कपडे भरायला घेतले. बाहेर स्ट्रेचर खोळंबलं होतं.

नवी खोली कार पार्ककडची. तिथे बिस्किटं मांडणं बंद झालं. चहात बुडवून गुपचूप खात. पुढे ताप आला. मुलगी मेलबर्नला, बॉर्डर बंद. तिनं शेवटचं फोनवरच पाहिलं. बाकीचं सामान आणायचं राहूनच गेलं.

त्यांना नेल्यावर मी चादर काढत होते. टेबलावर सकाळचा चहा तसाच, आणि भोवती बिस्किटं मांडलेली. एक अगदी कडेला.

दारात पुढचे आजोबा उभे होते. हातात एक बॅग.

“ही बिस्किटं कोणाची?”

“हात लावू नका.” सगळं कचऱ्यात लोटलं, टेबल पुसलं. “या, बसा.”