मना म्हणजे माझा

"बोल ना. एकदाच. आफ्रिकेला ऐकू जाऊ दे."

आमच्या संघाची कप्तान माझ्या तोंडासमोर मोबाइल धरून उभी होती. केनियातलं हॉटेल, सकाळचा नाश्ता. सगळ्या मुली टेबलाभोवती. समोर आमचे कोच, हातात चहाचा कप. माझ्या तोंडात पावाचा घास.

घास गिळला आणि म्हणाले, "मना शे."

सगळं टेबल खदखदून हसलं. सरसुद्धा. कप्तानने तो व्हिडिओ लगेच इन्स्टावर टाकला. खाली लिहिलं, 'आमची गावठी गोलकीपर'. मीही हसले. हसले नसते तर रडले असते.

मी पारोळा तालुक्यातली. घरात अहिराणी. बॉल उंच आला की गोलकीपरने ओरडायचं असतं, म्हणजे आपल्या मुली बाजूला होतात. गावात पोरांबरोबर खेळताना मी ओरडायचे, "मना!" मना म्हणजे माझा. बॉल मना शे, बॉल माझा आहे. जळगावच्या क्लबात आले, मेहरूणच्या मैदानावर पहिल्याच दिवशी तसंच ओरडले. पुढची मुलगी थांबून मागे वळली. "काय मना है? कोणी मना केलं?" तिला हिंदीतलं वाटलं. मनाई. बॉल आमच्या दोघींमधून गोलात गेला. मी अर्थ समजावून सांगितला, तरी त्या दिवसापासून माझं नाव पडलं, 'मना है'.

या मुली इंग्रजी शाळेतल्या, वडिलांच्या गाडीतून उतरणाऱ्या. सर मला म्हणाले, "'कीपर!' म्हणायचं. सुधार जरा." मी ते घोकलं. पण बॉल हवेत असताना घोकलेलं आठवत नाही. मी शब्द शोधायचे, मग ओरडायचे. तोवर बॉल जाळ्यात. झाले राखीव.

केनियात मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. क्लबला निमंत्रण आलं, राखीव म्हणून मलाही नेलं. हॉटेलात एका खोलीत सगळ्या दोघी-दोघी राहिल्या, मी एकटी उरले. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे. माझ्यावरच हसतायत असं वाटायचं. त्या दिवशी नाश्ता करून खोलीत आले तर आईचा फोन आला, सगळं बरं ना, खेळलीस का, विचारायला.

"बठ्ठं चांगलं शे ना? खेयनी का तू?"

"आजून नही, माय."

व्हिडिओचं तिला सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर बोलायला कोणीच नव्हतं.

त्याच दुपारी आम्हाला केनियाच्या मुलींचा सामना बघायला नेलं. त्यांची गोलकीपर माझ्याच वयाची. उंच बॉल आला की तिच्या भाषेत काहीतरी ओरडायची. पोरी बाजूला, बॉल तिच्या हातात. सामना संपल्यावर मी कुंपणापाशी गेले. मोडक्या इंग्रजीत विचारलं, काय ओरडतेस? तिने बॉल छातीशी धरला आणि त्यावर थाप मारली. झालं. तिला कोणी हसलं नव्हतं. कुठले सर तिला सुधार म्हणाले नव्हते.

मला राग आला. इतके दिवस स्वतःचाच यायचा, आज पहिल्यांदा आमच्या मुलींचा आला. व्हिडिओसाठी बरोबर तोच शब्द बोलायला लावतात. म्हणजे अर्थ माहीत आहे! जळगावपासून माहीत आहे. बाजूला व्हायचं नव्हतं, एवढंच. आणि मी येडी जीभ घासत बसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या सामन्याआधीच्या सरावात पहिल्या कीपरचं बोट मुरगळलं. सर माझ्याकडे आले. "आज तू. 'कीपर' म्हणायचं, लक्षात ठेव."

"सर, मी 'मना' म्हणेन. सगळ्यांना अर्थ माहीत आहे."

"इथे आपण देशाचं नाव घेऊन आलोय. गावठीपणा चालणार नाही. नाहीतर बस खाली."

हातमोजे घालून झाले होते. याच सामन्यासाठी मी एवढी वर्षं पोरांच्या लाथा खाल्ल्या होत्या. एक शब्द गिळला असता तर खेळले असते. जीव तुटत होता, खरंच तुटत होता. मोजे काढले.

"बसते, सर."

बोटाला पट्टी बांधून तीच खेळली. आम्ही हरलो. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी. विमानतळावर मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. जळगावला पोचायच्या आधी क्लबात कळलं होतं की मी उद्धट आहे.

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हसतीन त्यास्ना दात दिसतीन, बाई." तिच्या मायेने म्हणाली ती. पण दात मी पाहिलेत, मागचे सुद्धा. दात बघून माझं पोट भरत नाही.

येत्या रविवारी मेहरूणला पुन्हा निवड आहे. मला बोलावलेलं नाही. मी जाणार. गोलमध्ये उभी राहणार आणि माझ्या भाषेत ओरडणार. बॉल सुटला तर मला खुशाल काढा. नाही सुटला, तरी काढायचं असेल तर कारण सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा. तोवर मी गोलमधून हलणार नाही.