आसावरीकाकू आणि वास्तववाद

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या आसावरीकाकू टेंबे पॅथॉलॉजिस्ट होत्या. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात दिसलं तेवढंच त्यांनी लिहिलं. रिटायर झाल्या, पाठोपाठ विवेककाका गेले, तेव्हा पिस्कॅटवेजवळच्या विद्यापीठात त्या एका कोर्सला जाऊन बसू लागल्या. विषय होता व्हिक्टोरियन कादंबरी. हाच विषय का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "पार्किंग जवळ आहे."

वर्गातली मुलं नातवंडांच्या वयाची. प्राध्यापिकेनं सुरुवातीलाच सांगितलं, की आधीचे रोमँटिक लेखक वादळं, पडके किल्ले आणि पेटलेली मनं यांत रमले होते. मग इंग्लंडात गिरण्या वाढल्या, रेल्वे आली, शहरं माणसांनी आणि धुरानं भरली. कादंबरी कारकुनांकडे, डॉक्टरांकडे, फसलेल्या लग्नांकडे वळली. साधी माणसं जगतात तसंच लिहायचं, हा वास्तववाद. काकूंना ते पटलं. एकच गोष्ट खटकली, म्हणून त्यांनी हात वर केला.

"मग या पुस्तकांतली माणसं मरताना भाषणं का करतात?"

प्राध्यापिका म्हणाली, "गोष्टी मासिकांत हप्त्यानं छापल्या जायच्या. वाचकांना रडायचं असायचं. जुनी सवय एकदम सुटली नाही. तुमचा अनुभव काय?"

"माझ्या मिस्टरांनी हॉस्पिटलमध्ये विचारलं, गराज डोअर बंद केलंस का? मी हो म्हटलं. मग ते गेले."

मागच्या बाकावरची मुलगी डोळे पुसू लागली. काकूंना वाटलं, ॲलर्जी असेल.

अडचण अशी होती, की शोकसभेत काकूंचा मुलगा अंकुर याच्या तोंडून लोकांनी वेगळंच ऐकलं होतं. बाबांचे शेवटचे शब्द होते, 'सगळ्यांनी एकत्र राहा.' काका गेले तेव्हा अंकुर फ्रीमाँटहून निघून विमानात होता. काकूंनी सभेत त्याचं वाक्य दुरुस्त केलं नाही, कारण लोक जेवायला उठत होते.

यंदा थँक्सगिव्हिंगच्या टर्कीच्या जेवणाला अंकुर आला, सोबत त्याची मुलगी रुही. आजोबांच्या फोटोसमोर उभं राहून रुहीनं ते वाक्य मराठीत म्हणून दाखवलं.

"छान म्हटलंस," काकू म्हणाल्या. "पण ते असं म्हणाले नव्हते." आणि त्यांनी खरं ते सांगितलं.

"दॅट इज सो आजोबा!" रुही हसली.

अंकुर मात्र चिडला. "आई, काय गरज होती यार? मी वेळेवर पोचलोच नाही. मला सांगायला काहीतरी हवं होतं ना."

"मग मला विचारायचंस."

अंकुर खुर्ची ओढून बसला. "बरं, विचारतो. त्या दिवशी काय काय झालं?"

काकूंनी सांगितलं. घरून नेलेल्या उपम्यात मीठ कमी होतं, ते काकांनी नर्सकडून मागून घेतलं. सलाइन लावलेला हात सारखा खाजवत होते. खालच्या पार्किंगमधल्या कुणाच्या तरी गाडीचं टायर बसलंय, म्हणून खिडकीतून बघून हळहळले. "आणि दुपारभर फोनवर तुझं फ्लाइट बघत होते. डेन्व्हर ओलांडलं, म्हणाले. पोरगं झोपलं असेल, म्हणाले."

अंकुर टेबलावर डोकं टेकून रडला. रुहीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. काकू उठल्या आणि त्यांनी ओव्हन बंद केला. टर्की तोवर कोरडी ठक्क झाली होती. तिघांनी ती लिंबाच्या लोणच्याशी खाल्ली.