ओटीवरचा तोफगोळा

आमच्या ओटीवर तोफेचा गोळा होता आणि तो कधीही फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं, असं मात्र त्या दुपारी मला वाटलं.

आगाशीत आमची केळीची वाडी. पाहुणा आला की आधी पाणी, मग गोळा, मग चहा (चहा बायको करते, गोळा मी सांगतो). अर्नाळ्याच्या किल्ल्यावरून सुटलेला हा गोळा माझ्या खापरपणजोबांच्या पायाशी पडला आणि ते जागचे हलले नाहीत, असं मी सांगायचो. सूनबाईच्या माहेरच्यांपुढे जरा जास्तच रंगलो. म्हणालो, आत अजून दारू आहे, हात लावू नका.

खरं तर तो मी फुलपाड्याच्या एका भंगारवाल्याला केळ्यांचा घड देऊन आणलेला. कुठल्याशा कारखान्यातल्या यंत्राचा असावा. पण चौथी नापास माणसाकडे सांगायला थोडा इतिहास हवा की नको?

परवा सूनबाईने मोबाइलवर बातमी पाहिली. कुठेतरी शेतात जुना गोळा सापडला, पोलिसांनी गाव रिकामं केलं. तिने ओटीवर नजर टाकली. भर उन्हात गोळा तापत पडलेला. तिचा चेहरा पांढराफटक.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना, आत दारू आहे?"

खरं बोललो असतो तर तिथेच मिटलं असतं. पण समोर शेजारचे इनासमास्तर बसलेले! जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, आणि या गोळ्यापायी मला मान देणारा. त्यांच्यासमोर भंगारवाला कसा काढणार?

"आहे म्हणजे आहेच," मी म्हणालो.

मास्तर अर्धा चहा टाकून उठले. सूनबाईने फोन लावला. दोन पोलीस आले, गोळा फाटकातूनच पाहिला आणि आणखी माणसं बोलावली. गल्ली रिकामी झाली. एसटी देवळापाशी अडवली. कुणी पोरं उचलली, कुणी कोंबड्या. पोलिसाने मला विचारलं, नक्की किल्ल्यावरचाच ना? आता नाही म्हणालो तर मला धरून नेतील, ही भीती. नक्की, म्हणालो.

मग गाडीतून एक माणूस उतरला. अंगात गादीएवढा जाड पोशाख, तोंडावर काच. एकेक पाऊल जपून टाकत तो ओटीकडे निघाला आणि इकडे मीच दोन पावलं मागे सरकलो. मनात आलं, यंत्राचाच आहे हे तरी मला कोण सांगून गेलं होतं? भंगारवाल्याने किल्ल्यातूनच उचलला असला तर?

मी पळालो. मास्तरांना मागे टाकलं, एसटीला मागे टाकलं, थेट तळं गाठलं. तिथे दम खाताना आठवलं, बायको घरातच राहिली. पोटात गोळा आला (हा दुसरा). परत फिरायचं म्हटलं तर पाय उचलेना.

शेवटी पोलीसच मला न्यायला आला. गोळा भरीव लोखंडाचा निघाला होता. घरी पाहतो तर बायको मागच्या पडवीत बोंबील साफ करतेय. सूनबाईच्या तीन हाकांना तिने दाद दिली नव्हती.

"अगं, जिवाची भीती नाही वाटली?"

"पंचेचाळीस वर्षं ऐकतेय तुमचं," मान वर न करता ती म्हणाली. "आजवर एक गोष्ट खरी निघाली नाही. मग आजच कशी निघेल?"

पोलिसाने तिचा शब्दन् शब्द जबाबात लिहून घेतला, आणि खाली सही मात्र मला करायला लावली.